कोणीतरी म्हणजे कोण?

मी महाल भागातल्या वामनरावांच्या सुताच्या दुकानातला तराजू बोलतोय. सध्या माळ्यावर धूळ खात पडलोय, पण बोलल्याशिवाय राहणार नाही. स्वभावच हट्टी, काय करणार!

लोहारानं माझी दांडी घासून घासून दोन्ही पारडी बरोबर केली. तेव्हापासून मला तीनच उत्तरं येतात: डावं जड, उजवं जड, नाहीतर दोन्ही सारखी. कुणाचं मन राखायला चौथं उत्तर मी कधी दिलं नाही. माणसं मात्र देवाचं नाव घेत पारड्याला हळूच बोट लावतात!

वामनराव उमरेडच्या सहा विणकरांना सारखंच सूत तोलून द्यायचे आणि विणलेली लुगडी तोलून घ्यायचे. एका वर्षी श्रावणात दिलेल्या सुताची लुगडी दसऱ्यानंतर, कडक उन्हात आली. सहाही घरांचे गठ्ठे मनकर्णाबाईनं आणले होते. त्यातला एक तिच्याच मागावरचा. वामनरावांनी सगळे एकदम तोलले. विणताना होणारी नेहमीची घट धरूनही वजन कमी भरलं.

"सूत पुरं दिलं, माल कमी आला. म्हणजे सहातल्या कोणीतरी सूत मारलं. सहाही घरचं काम बंद!"

"कोनीतरी म्हंजे कोन जी? नाव सांगा नं मालक," मनकर्णाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "एकासाठी साऱ्याइच्या चुली काहून इझवता?"

"सुक्याबरोबर ओलंही जळते. मी काय करू?"

वामनरावांचा पुतण्या अनंत कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होता. तो म्हणाला, "काका, कोणीतरी आहे, इतकंच तर्कानं निघते. कोण, ते नाही निघत. त्याच्यासाठी करून पाहा लागते. तीन गठ्ठे इकडे, तीन तिकडे ठेवू. चोर ज्या पारड्यात, ते वर जाईल. मग त्या तिघांतले दोन समोरासमोर. दोनदा तोललं की नाव हाती!"

युक्ती मला फार आवडली. एका माणसाचा विचार माझ्या दांडीवरून चालणार होता! मी मनाशी ठरवलं, मनकर्णाबाईचं नाव निघालं तरी लपवायचं नाही.

गठ्ठे चढले. मी हललो, डुललो आणि मधोमध थांबलो. मग अनंतनं एकेक गठ्ठा पहिल्यासमोर ठेवून पाहिला. दर वेळी काटा सरळच.

"म्हणजे सहाही एकमेकांना मिळालेले!" वामनराव कडाडले.

"सहा घरी सारखीच चोरी? मग आपलं गृहीतच तपासू." अनंतनं कपाट उघडलं. श्रावणात त्याच मापानं तोललेलं सातवं बंडल तिथं होतं, कारण त्या वर्षी येतो म्हणालेला सातवा विणकर आलाच नव्हता. ते पारड्यात टाकून समोर श्रावणातलंच वजन ठेवलं. बंडल वर गेलं. दुकानाबाहेर न गेलेलं सूतही कमी भरलं होतं. पावसाळी हवेत प्यालेलं पाणी उन्हानं परत घेतलं होतं.

मनकर्णाबाईनं पदर खोचला. "मालक, आता कपाटाचंबी काम बंद करा."

वामनराव ओशाळून हसले आणि त्यांनी सहाही घरांना द्यायचं नवं सूत तोलायला घेतलं. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

पुढं दुकानात घड्याळासारखी तबकडी असलेला काटा आला आणि मी माळ्यावर गेलो. त्याचं दुःख नाही. पण खालून अजून कधीतरी आवाज येतो, "यांच्यातलाच कोणीतरी असेल!" आणि माझी गंजलेली दांडी शिवशिवते. लोकहो, शिक्षा ठोठावण्याआधी मला खाली काढा. गंज चढलाय, पण काटा अजून सरळ आहे.