श्रावणीचा डावा डोळा

अकोटच्या त्या मंगल कार्यालयात लग्नाच्या तिथीलाही एवढी गर्दी कधी झाली नसेल! खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तरी लोक दारातून आत घुसतच होते. आयाबाया कडेवरची पोरं सावरत माना उंचावत होत्या. आणि स्टेजवर दिव्यनेत्र गुरुजींचा दहा वर्षांचा चेला केयूर, डोळ्यांवर जाडजूड काळा मास्क बांधून, रंगीत कार्डं ओळखत होता, घड्याळातली वेळ सांगत होता आणि चक्क पेपर वाचत होता.

"अगं माय! देवच आला पोट्ट्याच्या अंगात," मागून एक बाई म्हणाली.

"देव नाही माउली, विज्ञान!" दिव्यनेत्र गुरुजी माइकवर गरजले. "कपाळाच्या मधोमध प्रत्येकाचा तिसरा डोळा झोपलेला आहे. आमच्या ब्रह्मलहरींनी मेंदूतली ग्रंथी जागी होते, क्वांटम ऊर्जा उसळते आणि मूल बंद डोळ्यांनी जग पाहतं! परदेशात यावर मोठं संशोधन चालू आहे. कुठे, ते विचारू नका. गुप्त आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे गुरुजी अमरावतीचे. अगदी कालपरवापर्यंत तिथं पाढे पाठ करून घ्यायचे क्लास चालवत. तिथं पोरं मिळेनाशी झाली आणि साहेबांना एकदम दिव्यदृष्टी प्राप्त झाली.

दुसऱ्या रांगेत पौर्णिमा ओठ आवळून बसली होती. शेजारी तिचे सासरे जानराव, आणि दोघांच्या मध्ये सहा वर्षांची श्रावणी. श्रावणीच्या नाकावर चष्मा, आणि चष्म्याखाली उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी. तिचा डावा डोळा आळशी होता, पाहायचं काम उजव्यावर ढकलायचा. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "चांगला डोळा रोज काही वेळ झाकायचा, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. त्या वेळात बारीक कामं द्या हिला. वय लहान आहे तोवर हे चांगलं जमतं. आता हयगय केली, तर पुढे फार कठीण जाईल."

शाळेत पोरं 'काणी, काणी' म्हणून चिडवायची. श्रावणी घरी येऊन पट्टी ओरबाडून काढायची. शेवटी पौर्णिमानं हे वर्ष तिला घरीच शिकवायचं ठरवलं. ताटात रवा पसरून बोटानं अक्षरं गिरवायची. मिसळलेली तूर आणि मूग वेगळे करायचे. कापसातून सरकी काढायची, ओल्या फडक्यात ठेवायची आणि मोड आला की त्याचं चित्र काढून खाली नाव लिहायचं. प्लॅस्टिकवर पाण्याचा थेंब ठेवून त्याखाली छापील अक्षर कसं मोठं होतं ते पाहायचं. पोर इतकी रमली की आता पट्टी स्वतःच मागायची.

जानरावांना मात्र हा पोरखेळ वाटे. "शाळा सोडून पोट्टी घरात दाळी निवडून राहिली! लोकं हासतात आमाले!" घरात त्यांचा शब्द शेवटचा. पौर्णिमाचा नवरा स्वप्निल बापासमोर तोंड उघडत नसे. जानरावांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की आज गुरुजींच्या विद्येची खात्री पटली, तर पट्टी बंद आणि श्रावणी त्यांच्या निवासी वर्गात.

आणि त्यांची खात्री तर पटत चालली होती.

"ज्या बाळांना चष्मे आहेत, पट्ट्या आहेत, त्यांनी पुढे या!" गुरुजींनी पितळेचं ताट पुढे केलं. "या कुबड्या आहेत, कुबड्या! टाका यात!"

भराभर चष्मे ताटात पडू लागले. जानरावही उठले. श्रावणीचा हात धरून तरातरा स्टेजवर गेले. त्यांनी तिचा चष्मा काढून ताटात टाकला आणि पट्टीकडे हात नेला.

"मामाजी, पट्टीले हात नका लावू!"

पौर्णिमा उभी राहिली होती. चारचौघांत सून सासऱ्याला अडवते, म्हणजे काय! ती पायऱ्या चढून वर गेली.

"खाली बस, सूनबाई. इथं तमाशा नको," जानराव म्हणाले.

"तमाशा तर कवाचाच चालू आहे, मामाजी. पोरीच्या डोळ्याचा सवाल आहे, मी नाही बसत."

इतक्यात श्रावणीच बोलली. ती शेजारच्या केयूरकडे टक लावून पाहत होती. "आबाजी, हा तं नाकापासच्या फटीतून पाहून राहिला! मीबी असीच पाहत होती, मंग आईनं पकडलं."

हशा पिकला. गुरुजी गोड हसले. "बाळाच्या मनात शंकेच्या लहरी आहेत."

"लहरी नाही जी, अनुभव आहे," पौर्णिमा म्हणाली. "पट्टी सैल झाली का पोरं नाकाच्या बाजूनं खाली पाहतात, हे डॉक्टरीणबाईंनी मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमी म्हणता तिसरा डोळा कपाळात आहे. मंग हा पोरगा पेपर छातीपाशी काहून धरते? कपाळासमोर धरा!"

"ऊर्जा खालून वर वाहते, ताई."

"बरं. मंग नाकाच्या दोन्ही बाजूनं कापूस लावा. अकोटात कापसाले काय कमी?"

"नाक बंद झालं की ऊर्जा कोंडते!"

"नाकात नाही म्हटलं मी, नाकाच्या बाजूले!"

आता हशा गुरुजींवर होता. त्यांचा आवाज चढला, "अविश्वासी माणसांपुढे शक्ती प्रकट होत नाही!"

केयूर रडवेला झाला होता. पौर्णिमाला त्या पोराची दया आली. भरसभेत त्याची परीक्षा घ्यायची नाही, तिनं ठरवलं. "दे बेटा तो मास्क," ती म्हणाली. केयूरनं तो इतक्या पटकन काढून दिला, की जणू कधीचा वाटच पाहत होता. पौर्णिमानं तो श्रावणीच्या डोळ्यांवर बांधला आणि हातात पेपर दिला.

"हिनं वर्ग केला नाही. हिले मंत्र माईत नाही. वाच बेटा, मोठं अक्षर वाच."

श्रावणीनं हनुवटी वर केली, पेपर खाली छातीपाशी धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "श-ह-रा-त... उ-द्या... पा-णी... ना-ही!"

"हे तं आमाले बिना वाचताच माईत आहे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह खदखदून हसलं.

"मामाजी, आता तुमच्या हातानं मास्क काढा," पौर्णिमा म्हणाली. "पाहा, कोण्या डोळ्यानं वाचलं पोरीनं."

जानरावांनी मास्क वर केला. उजव्या डोळ्यावरची पट्टी जशीच्या तशी चिकटलेली होती. वाचलं होतं ते डाव्या डोळ्यानं. ज्याला ते घरीदारी 'गेलेला डोळा' म्हणत, त्यानं.

म्हाताऱ्यानं वाकून तो डोळा जवळून पाहिला. "माह्याच हातानं बंद करत होतो मी हे सारं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी ताटातून चष्मा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि नातीच्या नाकावर नीट बसवला.

ते पाहिलं आणि बाकीचे आईबापही ताटावर तुटून पडले. कोण आपल्या पोराचा चष्मा शोधतंय, कोण गुरुजींना जाब विचारतंय. केयूर आईच्या कुशीत शिरून रडत होता. "मले फटीतून दिसत होतं. गुरुजी म्हणे, कोणाले सांगशील तं शक्ती जाईल." गुरुजी अजूनही माइकवर लहरींबद्दल बोलत होते, पण माइक कोणीतरी केव्हाच बंद केला होता.

बघा, यात अवघड असं काय होतं? नाक वर आलेलं, गाल खाली, मधे फट. मास्क कितीही जाड असो, मान किंचित वर केली की खाली धरलेला कागद दिसतोच. घरी एखाद्या पोराचे डोळे बांधा आणि करून पाहा. मग पेपर कपाळासमोर धरा, आणि तिसरा डोळा काय वाचतो तेही पाहा!

हे असले वर्ग तुमच्याही गावात येतील. आले की विचारा. भरसभेत विचारा, सासऱ्यादेखत विचारा, लोक हसले तरी विचारा. खोटं बोलायला शिकवलेलं पोर हुशार होत नाही, ते नुसतं भेदरतं. आणि लेकरांच्या कपाळावर तिसरा डोळा शोधू नका. जे दोन आहेत, ते वेळेवर डॉक्टरला दाखवा.