शनीची दुसरी ओळ

कर्नाटक संगीतातल्या नवग्रहांच्या नऊ कृतींपैकी आठ कृती गाण्याच्या बाईंनी ठकीला जीव ओतून शिकवल्या. शनीची तेवढी राहिली होती. तेवढ्यात एका मैफलीत श्रोत्यांनी ठकीला पुन्हा गायला लावलं आणि बाईंना कुणी विचारलंसुद्धा नाही. बाईंच्या पोटात दुखलं. पुढच्या शनिवारी त्यांनी दुसऱ्या ओळीतली वळून खाली येणारी जागा मुद्दाम सरळ करून शिकवली. जाणकारांपुढे पोरगी एकदा तोंडावर पडावी, इतकंच मनात होतं.

पोरगी पडली. स्पर्धेतला पहिला नंबर त्या ओळीपायी गेला आणि बाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या.

बावीस वर्षांनी बाई ठकीचा वर्ग बघायला आल्या, तोही नेमका शनिवारी. सतरंजीवर बारा मुलं होती, खिडकीत तंबोऱ्याचं यंत्र गुणगुणत होतं. भिंतीवर बाईंचा फोटो होता. हार तेवढा घातला नव्हता, नशीब.

मुलं शनीची कृती गायली. त्या ओळीत बाराही जण सरळ खाली आले, अगदी सुरात. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पुस्तकात वेगळं दिलंय," ठकी कौतुकाने म्हणाली, "परीक्षकही तेच म्हणाले होते. मी म्हटलं, माझ्या बाई चुकणार नाहीत. नंबर गेला तर गेला. बाई, एकदा तुम्ही गा ना."

बाईंनी मनात हिशेब केला. नीट गावं, म्हणजे ओळ सुधारेल आणि अब्रूही राहील. त्या जागेवर त्या वळून खाली आल्या.

एक मुलगी फिसकन हसली. ठकी वाकून हळूच म्हणाली, "बाई, चुकलात. सरळ या." मग मुलांकडे वळून, "वयाने होतं असं. हसायचं नाही."

अजूनही गप्प बसता आलं असतं. पण तो सांभाळून घेणारा आवाज बाईंना सोसवेना.

"आत्ता चुकले नाही, ठकी. तेव्हा चुकीचं शिकवलं. जाणूनबुजून. तुझं गाणं मला बघवत नव्हतं."

मांडीवर ताल धरलेला ठकीचा हात थांबला.

"वह्या उघडा," ती मुलांना म्हणाली. "दुसरी ओळ खोडा."

मग बाईंकडे न बघता म्हणाली, "सांगा, बरोबर काय ते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात 'बाई' नव्हतं. बाई गाऊ लागल्या.