रडल्याची बातमी

शब्दकोशाच्या कचेरीत ती मुद्रितं तपासायची. बोलणं मोजकंच, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके दुपारी तिच्यापुढे 'गॉसिप' हा शब्द आला. अर्थ दिला होता: चहाडी, कुचाळकी. खाली बारीक टाइपात मूळ अर्थ: धर्मनात्याने जोडलेलं माणूस; मग बाळंतिणीजवळ बसणारी सखी; आणि पुढे तसल्या बायकांचं बोलणं.

आपल्या जन्माच्या वेळी खोलीत कोण बसलं होतं? आई तर कधीच गेली होती. काम सुटल्यावर ती मावशीकडे गेली.

मावशी खिडकीशी लोकरीचा गुंता सोडवत होती. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले.

"तिघी होतो. मी, तुझी आत्या आणि समोरची शिंपीण. तू रडलीच नाहीस गं. निळीजांभळी, गार. सुईणीने हात टेकले, कापडात गुंडाळून तुला बाजूला ठेवलं."

"मग?"

"बाहेर तुझा बाप दाराला कान लावून उभा. शिंपीण पटकन बोलून गेली, 'मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली!' आम्हीही तिची री ओढली. बातमी जिना उतरली, गल्लीभर झाली. तासाभराने कोपऱ्यावरची दूधवाली दारात येऊन म्हणते, 'काय आवाज आहे पोरीचा, पार माझ्या दुकानापर्यंत आला!' तिचं बोलणं संपायच्या आत तू कापडातून रडलीस."

ती हसली. "काहीतरीच तुझं, मावशी."

"काहीतरीच कसं? तेव्हापासून आम्ही रोज कुणापाशी तरी तुझा विषय काढायचो. लोक म्हणायचे, या बायकांना दुसरा उद्योग नाही. पण थांबायची भीती वाटायची गं. शिंपीण गेली, आत्या गेली. आता मी एकटी. आणि हल्ली मला आठवतच नाही..." मावशीने वर पाहिलं. नजर कोरी. "तुम्ही कुणाकडे आलात, बाई?"

तिला श्वास पुरेना. बोटांची टोकं निळसर पडली होती. भिंत धरधरून ती जिना उतरली. खाली दोन बायका पिशव्या टेकवून बोलत होत्या. जन्मात कधी नाही ती त्यांच्या बोलण्यात घुसली.

"वरच्या म्हातारीची भाची मी. कचेरीत आज माझं साहेबांशी कडाक्याचं वाजलं. कळलं का तुम्हाला?"

असं काहीएक घडलं नव्हतं. दोघींचे डोळे लकाकले. "अगंबाई! कशावरून?"

ती पायरीवर टेकली आणि सांगत सुटली. शब्दाशब्दाला बोटांत ऊब येत गेली. ती कोपऱ्यावर पोचली, तोवर मागे बायकांच्या तोंडी त्या भांडणात पोलीसही येऊन गेले होते.