खुर्चीची पुढची कड

बसलेला माणूस का उठतो, असं खुर्च्या-सोफे भरणाऱ्या गादीमास्तरांना कुणी विचारायची खोटी, ते एका दमात सांगून टाकायचे. भूक लागते म्हणून नाही, कामाची आठवण होते म्हणून तर नाहीच नाही. मांडीखाली खुर्चीची पुढची कड रुतायला लागते म्हणून माणूस उठतो. पाहुणे लवकर उठले तर घरच्यांचं काही चुकलं असं समजू नये, सोफा वाईट होता असं समजावं. त्यावर मास्तरांची बायको म्हणायची, "तरीच आपल्याकडे आलेले हलायचं नाव घेत नाहीत. मला इतके दिवस वाटत होतं, माझा चहा चांगला असतो." मास्तर गालातल्या गालात हसायचे आणि दाभणात दोरा ओवायला घ्यायचे.

माणूस कामात पक्का होता हो, त्यात वाद नाही. खुर्चीवर नुसता हात फिरवला तरी आत कुठे फोम बसलाय, कुठे पट्टा सैल झालाय, ते सांगायचे. त्यामुळे नदीपलीकडे कॅसिनो उघडला तेव्हा तिथला मॅनेजर विचारत विचारत त्यांच्याच कारखान्यात आला. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबट शेड, त्यात रेक्झिनचे गठ्ठे आणि नाकातोंडात जाणारा कापसाचा भुगा. मॅनेजरने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मास्तर, अशी खुर्ची करून द्या, की माणसाला उठावंसंच वाटू नये."

आता असं काम सांगितल्यावर मास्तर पाघळणार नाहीत तर काय! असं मनासारखं काम त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसवाले म्हणायचे स्वस्त करा, हॉटेलवाले म्हणायचे लवकर खराब होऊ नये असं करा. बसणाऱ्याचा विचार केला तो या एका माणसाने, असं त्यांना वाटलं. त्यांनी जीव ओतला. पुढच्या कडेला आधी घट्ट फोम, त्यावर मऊ, त्यावर अगदी लोण्यासारखा, आणि कड अशी गोल खाली उतरवली की मांडीखालची शीर दबायलाच नको. टेम्पोत खुर्च्या भरताना जावई म्हणाला, "काय गुळगुळीत झाल्यात हो!" जावयाचा स्वतःचा टेम्पो होता, मास्तरांचा माल तोच पोचवायचा. कॅसिनोत खुर्च्या लावून झाल्यावर मास्तर मोठ्या कौतुकाने त्याला म्हणाले, "बसून तर बघा, जावईबापू."

जावई बसला. समोर यंत्र लुकलुकत होतं. गंमत म्हणून त्याने एकदा बटण दाबलं.

पुढचं सगळं सांगत बसण्यात अर्थ नाही. टेम्पो गेला, एवढं सांगितलं तरी पुरे. जावई एका गोदामात सकाळच्या पाळीला नोकरीला लागला, आणि पाळी सुटली की सरळ नदीपलीकडे. मास्तरांची एकुलती एक मुलगी, तिला घरात सगळे बेबी म्हणायचे, ती कानातलंसुद्धा गेल्यावर ओक्या कानांनी एके दिवशी बापाच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हा समजूत घालून तिला परत पाठवली. पुन्हा आली तेव्हा मात्र कपड्यांची बॅग घेऊनच आली.

"मी राहायला आलेय," ती म्हणाली. "मला परत पाठवू नका. हे उठणार नाहीत तिथून."

आई तिला पोटाशी धरून रडली. मास्तर नुसते बसून राहिले. खरं सांगायचं तर त्यांना आतून माहीत होतं. कॅसिनोतून दुरुस्तीला येणाऱ्या खुर्च्या त्यांना सगळं सांगायच्या. उजव्या हाताशी नखांनी ओरबाडलेलं रेक्झिन. पाठीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. आणि काही बैठकींना असा वास यायचा, की फोम काढून सरळ फेकून द्यावा लागायचा. चांगले कपडे घातलेली, शिकलीसवरलेली माणसं, आणि मोरीवर जायलासुद्धा उठत नव्हती! मास्तर मूग गिळून नवा फोम भरायचे. घरी यातलं अवाक्षरही बोलायचे नाहीत. कसं बोलणार? खुर्ची त्यांचीच होती.

पण म्हणूनच त्यांच्या डोक्यात ते आलं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. माणूस खुर्चीमुळे बसतो, तर खुर्चीमुळे उठेलही की! जावई कुठे बसतो ते त्यांना ठाऊक होतं. खांबाशेजारचं यंत्र. रोज येणाऱ्या प्रत्येकाचं एक यंत्र ठरलेलं असतं, तिथे दुसरं कुणी बसलं तर सवत आल्यासारखं करतात.

मास्तर लेकीला म्हणाले, "एक महिना दे मला. तुझा नवरा उठतो की नाही बघ."

"बाबा, मी सांगतेय ना, नाही उठणार."

"असा माणूस अजून जन्माला यायचाय. तू माझ्यावर सोड."

बेबीने बॅगकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाने आजवर हातात घेतलेलं काम अर्धवट सोडलेलं तिने पाहिलं नव्हतं. ती बॅग उचलून परत गेली.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी खांबाशेजारची खुर्ची दुरुस्तीच्या नावाखाली उचलून आणली. पुढच्या कडेचा मऊ फोम काढला आणि तिथे बोटभर रुंदीची एक लाकडी पट्टी ठोकली. वरून पातळ फोम, वरून रेक्झिन. बाहेरून बघाल तर ओळखणार नाही. स्वतः बसून पाहिलं. थोड्या वेळाने मांडीखाली रुतायला लागलं, मग पोटऱ्यांत मुंग्या, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. उभे राहताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मास्तर खूश झाले, आणि त्याच वेळी त्यांना स्वतःची शरमही वाटली. आजवर या हातांनी मुद्दाम म्हणून काही बिघडवलं नव्हतं. पण लेकीचा संसार म्हटल्यावर माणूस काय काय करत नाही!

मग खुर्ची परत खांबाशेजारी ठेवून आले आणि वाट पाहू लागले. आणि बघा, बेबीचा फोन आला, तिच्या आवाजात जीव आला होता. "बाबा, हे म्हणतात, तिथे जायचं सोडलं. गोदामात जादा काम घेतलंय, रोज उशिरा येतात." मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "चहा टाक. साखर जरा सढळ हाताने." त्या आनंदात त्यांनी एका गिऱ्हाइकाचं उशीचं काम फुकट करून दिलं. बायको म्हणाली, "अहो, असेच रोज आनंदात राहिलात तर भीक मागायची वेळ येईल."

महिना होत आला तशी मास्तरांना लेकीला बघायची ओढ लागली. रविवारी सकाळी ते तिच्या घरी गेले. जावई आतल्या खोलीत झोपला होता. बेबी ओट्याशी उभी राहून वाटीत तेल कोमट करत होती.

"कुणाला गं तेल?"

"ह्यांचे पाय चोळायला. रोज चोळून देते." तिने हळूच दार लोटून घेतलं. "दिवसभर उभं राहून राहून पाय नुसते दगड होतात हो, बाबा. रात्री कळवळतात. मी म्हणते, नको ते जादा काम, तर ऐकत नाहीत. वळ उठलेत मेले."

"वळ? कुठे?"

"मांडीच्या मागे. दोन्ही पायांना, आडवे. काळेनिळे पडलेत अगदी."

उभं राहून कुणाच्या मांडीमागे आडवे वळ उठत नाहीत, हे कळायला गादीकाम यावं लागत नाही. बेबीला ते कळलं नव्हतं, कारण तिला ते कळून घ्यायचंच नव्हतं. मास्तरांनी बोट पुढे केलं. "एवढे रुंद?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

मास्तरांची नजर तिच्या हातांवर गेली. तळवे तेलाने चकचकत होते, अंगठ्याच्या मुळाशी चोळून चोळून सूज आली होती. त्यांनी लाकूड ठोकलं होतं ते जावयासाठी. ते येऊन लागलं होतं त्यांच्या पोरीच्या हातांना. त्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगून मोकळं व्हावं.

"उद्या दुपारी माझ्याबरोबर चल," एवढंच ते म्हणाले. "कुठे ते विचारू नकोस."

बेबीने वाटी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ पदराने हात पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं नदीपलीकडे गेली. दाराशी असलेल्या माणसाने मास्तरांना सलाम ठोकला, आत काम असेल असं त्याला वाटलं. आत गेलं की दुपार बाहेरच राहायची. खिडकी नाही, घड्याळ नाही. ओळीने यंत्रं, ओळीने खुर्च्या, आणि खुर्च्यांतून माना पुढे काढलेली माणसं. एक जण गोदामाच्या गणवेशात होता. एकीच्या मांडीवर भाजीची पिशवी होती, त्यातली कोथिंबीर पार माना टाकून बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

खांबाशेजारी जावई बसला होता. पाठमोरा. त्याच्या बाजूच्या यंत्रावर एक चष्मेवाल्या आजी होत्या, चांगल्या घरच्या दिसत होत्या. मास्तरांना त्या येता-जाता पाहून ओळखत होत्या.

"मास्तर, बरे आलात," त्या यंत्रावरची नजर न काढता म्हणाल्या. "या शेजारच्या खुर्चीचं काहीतरी करा बाई. फार रुतते. पण हे महाराज बदलू देत नाहीत. म्हणतात, पायाला मुंग्या आल्या की यंत्र पैसे द्यायला लागतं. परवा हे नव्हते तेव्हा मीही बसून पाहिलं."

"मग?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"मुंग्या आल्या," आजी म्हणाल्या आणि बटण दाबलं.

बेबी एकेक पाऊल टाकत पुढे गेली आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने मान वळवली, आणि तिला पाहून त्याचा चेहरा असा झाला की मास्तरांनाही त्याची कीव आली. नाटक नव्हतं ते. खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

"तू? अगं... तू इथे कशाला? मी उठतच होतो. हा बघ, उठलोच."

त्याने दोन्ही हात खुर्चीवर टेकले आणि अंग वर उचललं. अर्धा उभा राहिला. पण पाय जागेवर नव्हते. गुडघे लटपटले आणि तो धप्पकन मागे बसला. पुन्हा जोर लावला, पुन्हा बसला. बेबीचा हात नकळत पुढे झाला, त्याला धरायला. तेवढ्यात यंत्रातून कसलीशी टिणटिण झाली. त्याची मान तिकडे फिरली. उजवा हात उचलला गेला आणि बटणावर जाऊन पडला.

"एवढं एकच," तो म्हणाला. "पायात रक्त येईपर्यंत. उठतोच मी."

बेबी थांबली. त्याने एकच नाही, आणखी बऱ्याच वेळा बटण दाबलं. तिचा हात तसाच पुढे राहिला होता, तो तिने मागे घेतला आणि वळून चालायला लागली. मास्तर मागोमाग गेले.

बाहेर ऊन लख्ख होतं. पुलापर्यंत दोघं चालत आली. तिथे मात्र मास्तरांना राहवेना. बाप झाला म्हणून काय झालं, असं पाप पोटात ठेवून घरी जाणं त्यांना जमणार नव्हतं.

"बेबी, थांब. तो उठत होता गं. तुला पाहून खरंच उठत होता. त्याचे पाय माझ्यामुळे गेले. त्या खुर्चीत मीच लाकूड ठोकलंय. मला वाटलं, रुतलं की उठेल. चांगली खुर्ची असती तर आज तो तुझ्याबरोबर बाहेर आला असता. मी तुझा संसार मोडला."

बेबीने कठड्याला हात टेकला. तिला राग आलेला दिसत होता, आणि तो राग कुणावर काढावा ते तिचं तिलाच कळत नव्हतं. हातांवरची सूज तिने एकदा दाबून पाहिली.

"म्हणजे मी ते वळ चोळत होते," ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली.

"पाय तुम्ही घालवलेत, बाबा, खरंय. हात तर त्यांचा चांगला होता ना? माझा हात पुढे होता. तो धरायचा, की बटण दाबायचं?" तिचा आवाज आता अगदी शांत होता. "मी बॅग घेऊन आले तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं, हे उठणार नाहीत. त्यांच्यासमोर मी रडले होते, जेवण टाकून बसले होते, पाया पडले होते. तरी उठले नव्हते. आणि तुम्हाला वाटलं, लाकडाच्या पट्टीने उठतील. मी सांगितलेलं तुम्हाला पटलं नाही."

खालून नदी वाहत होती, पुलावरून गाड्या जात होत्या. आयुष्यभर माणसांना बसवणारा तो माणूस भर रस्त्यात पोरीसमोर हात जोडून उभा राहिला आणि रडायला लागला.

बेबीने ते जोडलेले हात खाली केले.

"चला," ती म्हणाली. "आधी माझी बॅग आणू. आणि आई काय म्हणेल, लोक काय म्हणतील, ते मला सांगू नका. मी आता परत जायची नाही."

"नको जाऊस," मास्तर म्हणाले. "तू म्हणशील तसं."