ती बसायची ते स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. माझा एक पाय आखूड आहे, त्यामुळे मी डुगडुगते. पण मित्रांनो, माझे खरे दुखणे पायाचे नाही, मत्सराचे आहे.

सुताराने मला आणि दिवाणखान्यातल्या सोफ्याला एकाच खोडातून कापले. म्हणजे नात्याने तो माझा सख्खा भाऊ. पण त्याला मखमल मिळाली, पाहुणे मिळाले. मला मिळाला ओट्याखालचा कोपरा. भाऊसाहेबांचे कौतुक भिंतीपलीकडून ऐकताना माझा नुसता जळफळाट होई.

माझ्या वाट्याला आली एकच बाई, दूरच्या देशातून या घरी कामाला आलेली. मुले तिला मावशी म्हणत. अख्ख्या घरात तिला बसायला माझ्याखेरीज जागा नव्हती. जरा टेकली की दिवाणखान्यातून हाक येई. बाहेरच्या दाराला कुलूप, आणि तिचा पासपोर्ट घरच्या साहेबांच्या कपाटात. ती रडे तेव्हा मला वाईट वाटे, पण ती कुठे जाऊ शकत नाही याचे बरेही वाटे. तेवढी एकटी माझी होती ना!

एकदा माणसांची गणना करणाऱ्या ताई आल्या. बसल्या अर्थातच सोफ्यावर.

"घरात माणसं किती?"

"चौघं," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि या, पाणी घेऊन आल्या त्या?"

"ती होय? ती अगदी घरच्यासारखी आहे हो!"

"मग पाच लिहू?"

"छे छे, चौघंच."

ताईंनी चार लिहिले आणि त्या गेल्या.

पुढच्या वर्षी त्याच ताई आल्या, त्या तडक स्वयंपाकघरात शिरल्या. "नवा नियम आहे. कामाच्या माणसाशी एकट्यानंच बोलायचं," असे म्हणून त्यांनी मालकीणबाईंना बाहेर थांबवले, दार लोटले आणि त्या माझ्यावर बसल्या. पाहुणी, आणि माझ्यावर! चांगली जिरली सोफ्याची, असे मला झाले. पण लगेच त्या उठल्या.

"तुम्ही बसा हो," त्या मावशीला म्हणाल्या आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसल्या. "परदेशातून कामाला म्हणून विमानतळावर उतरलेल्या बायका आणि घरोघरी मोजलेल्या बायका, आकड्यांचा मेळच बसेना. निम्म्या गेल्या कुठे? मग बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं, मालकाला नाही, तुम्हालाच विचारायचं. बाहेर शेवटचं कधी गेलात?"

"कचरा टाकायला. फाटकापर्यंत."

"पासपोर्ट परत हवाय तुम्हाला?"

मावशीने माझ्या कडा घट्ट धरल्या. बोलू नकोस, मी मनात म्हटले, बोललीस तर जाशील.

"हवाय," ती म्हणाली. "मला घरी जायचंय."

दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवणे आता गुन्हा होता. थोड्याच दिवसांत अधिकारी आले, साहेबांना कपाट उघडावे लागले आणि मावशी गेली. माझ्याकडे तिने वळूनसुद्धा पाहिले नाही.

आता भांडी घासून दमल्या की मालकीणबाई माझ्यावर बसतात आणि कुरकुरतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा राखा, असे सांगायचे मनात होते. ते राहू द्या. तुमच्या घरी कुणी मोजायला आले, तर स्वयंपाकघरातल्या माणसालाही मोजा. त्याला बसवा आणि मग विचारा.

मावशी आता कुठल्या तरी खुर्चीवर बसत असेल. हवा तेवढा वेळ बसत असेल आणि मनात आले की उठून बाहेर जात असेल. त्या खुर्चीचा मला फार हेवा वाटतो.