धुऱ्यावरचं नेटवर्क

खुशालरावांच्या वावरात नेटवर्क येत नसे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते येई, आणि आल्यासारखं करून परत जाई. आंब्याखाली दोन काड्या, विहिरीपाशी एक, आणि खालच्या तुकड्यात, जिथं मैनाबाईंचा देशी कापूस उभा होता, तिथं तर फोनवर नुसतं चक्र फिरत राही. दर्यापूरहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून वावर तीन किलोमीटर आत. इतकी वर्षं त्यामुळं कुणाचं काही अडलं नव्हतं. वावरात माणूस कामाला जातो, बोलायला नाही, असं खुशालराव ठणकावून सांगत, आणि स्वतः धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून शेजाऱ्याशी अर्धा दिवस बोलत.

या वर्षी मात्र अडलं. मैनाबाई म्हणजे खुशालरावांची बायको. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला त्या माहेराहून ओंजळभर सरकी घेऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून बत्तीस वर्षं त्या तिच्या चार ओळी लावत आल्या होत्या. बोंड लहान, धागा आखूड, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पण त्यांच्या खारवट जमिनीत, पावसानं महिनाभर दडी मारली तरी हा पठ्ठ्या उभा राही. त्यांची मुलगी आचल अकोल्याला शाळेत शिकवते. तिनं देशी बियाणं जपणाऱ्या एका संस्थेकडे आईच्या नावानं अर्ज केला. संस्थेचे लोक व्हिडिओवरून उभं पीक पाहणार, प्रश्न विचारणार, आणि पटलं तर त्यांच्या नोंदवहीत वाणाचं नाव आणि ते जपणाऱ्याचं नाव कायमचं लिहिणार होते.

"बाबा, आईच्या नावावर काईच नाई," आचल फोनवर म्हणाली होती. "सातबाऱ्यावर तुमी, राशन कार्डावर तुमी पयले. हे एक तरी तिच्या नावानं होऊ द्या."

खुशालरावांनी "होऊ दे ना, मी काय आडवा येऊन राहिलो?" असं म्हटलं खरं. पण चार ओळींच्या कापसासाठी कुणी एवढा खटाटोप करावा, हे त्यांच्या गळी उतरलं नव्हतं. पाहणीच्या दिवशी मैनाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, एवढंच.

पहिली पाहणी खुशालरावांच्या नव्या कोऱ्या फोनवर झाली, म्हणजे झालीच नाही. संस्थेचं अ‍ॅप उघडलं, साहेबांचा अर्धा चेहरा दिसला, आवाज तुटला आणि सगळं बंद पडलं. तीनदा तेच. पाहणी वावरातूनच व्हायला हवी होती, कारण फोन कुठं आहे ते अ‍ॅप तपासत होतं. गावात येऊन बोलायची सोय नव्हती. संध्याकाळी निरोप आला की पंधरा दिवसांनी आणखी एक संधी, आणि ती शेवटची. मैनाबाईंनी लुगडं घडी घालून ठेवलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. खुशालरावांना ते फार लागलं. बायकोवर ओरडता येतं, तिच्या उपाशी राहण्याचं काय करायचं ते त्यांना कधीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दर्यापूरला बसस्थानकाजवळच्या अब्दुल रहीम यांच्या दुकानात गेले. अब्दुल रहीम यांनी तीस वर्षं अख्ख्या पंचक्रोशीचे रेडिओ बरे केले होते. आता खुर्चीवर त्यांची मुलगी लुबना बसत होती आणि रहीमभाई बाजूला बसून चहा पीत होते. लुबनानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काकाजी, टावर कोणत्या दिशेले हाय?"

खुशालरावांना तो प्रश्न आवडला. रोग्याला पाहण्याआधी गोळी देणारे डॉक्टर त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

लुबना स्कूटीवरून वावरात आली. हातात फोन आणि कागद घेऊन ती त्या खालच्या तुकड्यात दहा दहा पावलांवर थांबत गेली आणि प्रत्येक ठिकाणी आकडे लिहीत गेली. खुशालराव धुऱ्यावरून पाहत होते. ही पोरगी चिखलात चपला काढून, कापसाच्या पऱ्हाटीच्या एकाही फांदीला धक्का न लावता चालत होती. त्यांच्या स्वतःच्या मजुरांना हे बत्तीस वर्षांत जमलं नव्हतं.

"इथं सिग्नल दोन परकारचे येतात," ती वर येऊन म्हणाली. "एक लय जोरात, पण दूर पोचत नाई. दुसरा जरा दमानं, पण तुमच्या विहिरीच्या पल्याड जाते. फोनले वाटते जोरवाला पकडावं. तो पकडाले जाते, सुटते, मंग दुसरा धरते, मंग पुन्हा पयल्यामांगं धावते. याच्यातच त्याचा जीव जाते."

"मंग त्याले सांग ना, एकाच जागी बस म्हून."

"तेच तं. कंपनी सांगू देत नाई. कुलूप काढा लागते. त्यालेच रूट करणं म्हंतात. फोन तुमचा, पण आतली किल्ली कंपनीजवळ. मी ते किल्ली तुमच्या हाती देतो."

कुलूप, किल्ली ऐकल्याबरोबर खुशालरावांनी आपला नवा फोन बंडीच्या खिशात खोल ढकलला. "माह्या फोनले हात लावाचा नाई. कायचं कुलूप न् कायचं काय. बिघडला तं?"

"बिघडू शकते," लुबना सरळ म्हणाली. "शंभरात दोन-चार कायमचे बंद पडून वीट होतात. वॉरंटी बी जाते."

इतकं खरं बोलणारा दुकानदार खुशालरावांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांचा विश्वास तिथंच अर्धा बसला, पण फोन काही खिशातून निघाला नाही. मैनाबाईंनी मात्र पदराची गाठ सोडली आणि आपला जुना, कोपरा फुटलेला फोन लुबनाच्या हातात ठेवला.

कंपनीनं कुलूप उघडायला सात दिवस थांबायला लावलं. कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून लुबनानं आधी मैनाबाईंच्या नातवाचे चारशे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले आणि मोजून दाखवले. आठव्या दिवशी फोन उघडला. मग ती रोज वावरात येई. तिचं काम करण्याची रीत पाहून खुशालरावांना आपल्या वडिलांची आठवण होई. ते फवारणीचं औषध एका वेळी एकाच ओळीवर मारून पाहत. लुबना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायची, लिहायची. आधी फोनला त्या दूर पोचणाऱ्या सिग्नलवर बांधलं. वेगाचा आकडा पाऊण होता, तो अडीच झाला. मग गुपचूप डेटा पिणारी अ‍ॅपं एकेक करून बंद केली. मैनाबाईंच्या फोनमध्ये अशी एकोणतीस अ‍ॅपं निघाली. त्यातली दोन नुसती पंचांग सांगत आणि दिवसभर जाहिराती ओढत. आकडा चारावर गेला. एक बदल केला तर आकडा उलट खाली आला. तिनं तो मुकाट्यानं मागे घेतला आणि कागदावर त्याच्यापुढं फुली मारली. खुशालरावांना तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते त्या फुलीचं. आपलं चुकलं हे कागदावर लिहून ठेवणारा माणूस त्यांच्या घराण्यात अजून जन्मायचा होता.

चौदाव्या दिवशी तिनं कापसाच्या ओळीतून आचलला साधा व्हिडिओ कॉल लावून दिला. अकोल्यातून आचल ओरडली, "आई, मले बोंडावरची मुंगी दिसून राहिली!" मैनाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. खुशालरावांनी घरी जाऊन शेजाऱ्याला सांगितलं की आपल्या वावरात आता टावर बसला आहे.

शेवटच्या पाहणीची वेळ अकराची होती. पावणेअकराला संस्थेची लिंक आली. मैनाबाईंनी तेच हिरवं लुगडं नेसलं होतं. लुबनानं त्यांच्या फोनवर अ‍ॅप उघडलं. एक पांढरी पाटी आली आणि अ‍ॅप मिटलं. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा तीच पाटी: या फोनमध्ये फेरफार केलेला आहे, सुरक्षेसाठी त्यावर पाहणी होणार नाही.

लुबनाचा चेहरा पडला. "काकू, चूक माही हाय," ती म्हणाली. "रूट केलेल्या फोनवर जागा खोटी दाखवता येते. म्हून त्यायनं असे फोन बंद केले. अ‍ॅप आजच उघडणार होतं, पण हे माह्या ध्यानात याले पायजे होतं. मी फक्त साधा कॉल करून पायला."

मैनाबाई कापसाकडे पाहत उभ्या राहिल्या. "जाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "तू लय केलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. ही बाई आशा सोडताना सुद्धा आवाज करत नाही, हे खुशालरावांना ठाऊक होतं. पण ते समोर घडताना त्यांनी असं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं.

लुबना धुऱ्यावर उकिडवी बसली होती. मग ताडकन उठली. "काकाजी, तुमचा फोन द्या. घाबरू नका, कायबी नाई करत त्याले. तुमी मले हात लावू देल्ला नाई तेच बरं झालं!"

तिनं झटपट सांगितलं. खुशालरावांचा फोन जसाच्या तसा होता, त्यावर अ‍ॅप उघडणार. नेटवर्क मात्र तो पकडू शकत नव्हता. तेव्हा नेटवर्क पकडायचं काम मैनाबाईंच्या उघडलेल्या फोनचं. त्यानं ते धरून हॉटस्पॉटनं नव्या फोनला पाजायचं. अ‍ॅपला दिसणार फक्त नवा फोन. "न् यात खोटं काईच नाई," ती म्हणाली. "वावर खरं, जागा खरी, काकू खऱ्या."

लॉगिनचा आकडा मैनाबाईंच्या नंबरवर आला, लुबनानं तो नव्या फोनवर टाकला. पण दोन फोन एकाच वेळी राबायला लागल्यावर जुन्याचा वेगाचा आकडा खाली यायला लागला. तो उंच धरायला हवा होता. वेळू आणायला वेळ नव्हता. वावरात सगळ्यात उंच माणूस खुशालराव होते.

अशा तऱ्हेनं अकराला दोन मिनिटं कमी असताना खुशालराव पाटील बादली पालथी घालून तिच्यावर चढले आणि बायकोचा फुटका फोन उजव्या हातानं टावरच्या दिशेनं वर धरून उभे राहिले. लुबनानं बजावलं, "हालू नका. हात बदलाचा तं मले सांगून."

संघपाल नावाचे साहेब पडद्यावर आले, पूर्ण चेहऱ्यानिशी. मैनाबाईंनी त्यांना बोंड उकलून दाखवलं, सरकीवरची हिरवट लव दाखवली, कोणत्या वर्षी पाऊस नव्हता आणि तरी किती झाडं तगली ते सांगितलं. एक झाड उपटून सरळ खाली गेलेलं मूळ दाखवलं. नेहमी चार शब्द बोलणारी बाई न अडखळता बोलत होती. खुशालरावांचा दंड भरून आला होता, खांद्यात कळ मारत होती, आणि ते ऐकत होते. यातलं निम्मं त्यांना माहीतच नव्हतं.

शेवटी संघपाल साहेबांनी कागद चाळले. "मैनाबाई, माहिती उत्तम आहे. फक्त एक अडचण आहे. सातबारा तुमच्या पतींच्या नावानं आहे. साधारणपणे आम्ही जमिनीच्या मालकाचंच नाव वाण जपणारा म्हणून लिहितो. त्यांचंच लिहू ना? नोंद आजच होईल."

मैनाबाई हळूच म्हणाल्या, "लिहा. घरातच हाय."

"नाई!" बादलीवरून आवाज आला. लुबना दचकली. तिनं घाईघाईनं नवा फोन वर वळवला. पडद्यावर साहेबांना दिसला तो हात आकाशात धरून उभा असलेला, घामाघूम झालेला, लाल तोंडाचा म्हातारा.

"साहेब, मालक मी हाय, पण याच्यातलं मले काईच ठाऊक नाई," खुशालराव म्हणाले. "आतापर्यंत मी ऐकूनच राहिलो. एका साली दुष्काळ पडला तवा मीच सरकी ढेपेसंगं गाईले घातली होती. हिनं कुठून मूठभर लपवून ठेवली होती, ते मले आजबी माहीत नाई. माहं नाव लिहाल तं ते खोटं होईन. हिचं लिहा. मालक म्हून सही पायजे तं आत्ता करतो. मले खाली उतरू द्या फक्त."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मालक स्वतः सांगत असेल तर तेवढं पुरे," ते म्हणाले. "पूर्ण नाव सांगा, मैनाबाई."

बत्तीस वर्षांत कुणीच त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं नव्हतं. मैनाबाईंनी ते एकदा सांगितलं आणि साहेबांनी लिहिलं ना, याची खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं. खुशालरावांनी ते दोन्ही वेळा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी हात आणखी वीतभर उंच केला.