पान चार

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते, तेव्हा इमारतीच्या समितीचे चिटणीसकाका वही मागायला आले.

दारात उभं राहून त्यांनी बूट काढायला एक पाय उचलला, फरशीकडे पाहिलं आणि पाय पुन्हा खाली ठेवला. बाबांच्या घरात बूट काढायचं धाडस हिवाळ्यात कुणी करत नसे.

"बस गं पोरी, उठू नकोस," ते म्हणाले. ती उठलीच नव्हती.

ती बाबांच्या खुर्चीत कोट घालून बसली होती. समोर उत्तरेची खिडकी. चौकट फुगून वाकडी झालेली, आणि चौकट व भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. वारा आला की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं आपोआप उचलली जात, जणू कुणीतरी पुढचा महिना पाहून ठेवतंय. कुणीही शहाणा माणूस त्या फटीत चिंध्या कोंबून मोकळा झाला असता. बाबा शहाणेच होते. पण फटीला हात लावायचा नाही असा नियम होता.

नियम सरकारचा होता. जुन्या इमारतींमधली ऊब वाया जाऊ नये म्हणून सरकार अनुदान देत होतं: दुहेरी काचांच्या खिडक्या, भिंतींना आतून जाड अस्तर, छताला नवं आवरण. इमारतीतल्या चोवीस घरांनी मिळून अर्ज केला. अट अशी, की इमारतीतलं सर्वांत थंड घर निवडायचं आणि तिथलं तापमान वर्षभर, दिवसातून तीन वेळा, वहीत लिहायचं. तोवर त्या घरात काहीही दुरुस्त करायचं नाही, आणि घर राहतं हवं. सर्वांत थंड घर चौथ्या मजल्यावरचं, कोपऱ्यातलं, बाबांचं. त्यात बाबा पाणीखात्यात चौतीस वर्षं मीटर वाचत हिंडलेले. घर थंड आणि माणूस चोख, दोन्ही एकाच दारामागे सापडल्यावर समितीला आणखी काय हवं? बाबांना इमारतीत सगळे 'मीटरवाले' म्हणायचे. त्यांनी तो मान समजून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून गळ्याभोवती मफलर गुंडाळून तापमापकासमोर उभे राहिले.

"वर्ष काल पुरं झालं," चिटणीसकाका म्हणाले. "फाइल शुक्रवारी द्यायची. आणि वही बघ, सतरा दिवस कोरी. सहा दिवस ते दवाखान्यात होते, आणि नंतरचे हे अकरा. सातपेक्षा जास्त दिवसांचा खंड पडला की अख्खी वही बाद. म्हणजे तेवीस घरांच्या तोंडाला पानं पुसली म्हणून समज."

"मग?"

"मग काही नाही. तुझं अक्षर अगदी त्यांच्यासारखं. सतरा त्रिक एकावन्न आकडे. दहा, अकरा, मधूनच एखादा साडेनऊ. अर्ध्या तासाचं काम."

"बाबांनी चौतीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नाही, काका."

"ते कुठे लिहितायत? तू लिहितेयस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चिटणीसकाका वाईट माणूस नव्हते. जिन्यातला दिवा गेला की स्वतः स्टूल घेऊन येणारे, कुणी आजारी पडलं की आधी पोचणारे. पण काम उरकलं म्हणजे ते नीट झालं, अशी त्यांची समजूत होती.

"मी उद्या त्या कार्यालयात जाऊन विचारते," ती म्हणाली.

"अगं, नको! कार्यालयात विचारायला गेलं की नसलेले नियम जन्माला येतात." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "हे बघ, त्यांनी आमच्यासाठी काय केलं ते मी विसरलेलो नाही. डॉक्टरांनी महिनाभर उबेत राहा म्हणून सांगितलं, तेव्हा तुझ्याकडे यायला बॅगसुद्धा भरली होती त्यांनी. मीच म्हटलं, मीटरवाले, घर राहतं हवं. दहा महिने काढलेत, आता किनाऱ्यावर येऊन नाव बुडवता? तर हसले. बॅग रिकामी केली."

डॉक्टरांनी सांगितलं होतं हे तिला ठाऊक होतं. त्या वेळी तिने स्वतःच्या घरी खोली आवरली होती, पलंग भिंतीपासून सरकवून ठेवला होता. बाबा फोनवर म्हणाले, "मला तिकडे करमायचं नाही, राहू दे." त्याआधी कधीतरी, हे घर विकून टाका असं ती बोलली होती आणि बाबा दुखावले होते. तोच राग अजून आहे असं समजून तिने पुढे आग्रह केला नाही. एवढंच नाही, तीन आठवडे फोनही केला नाही. बाप-लेक दोघंही नाकावर माशी बसू न देणारी. तेव्हा तिला त्याचा थोडा अभिमानच वाटला होता.

"कधी भरली होती बॅग?" तिने विचारलं.

"असेल, महिना-दीड महिना. का गं?"

"काही नाही."

ते गेल्यावर तिने वही उघडली. वहीत नियमांचे झेरॉक्स कागद घडी घालून ठेवले होते. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. मजकूर वाचण्याआधी तिचे डोळे पानांच्या आकड्यांकडे जात. एक. तीन. पाच.

तिने कागद उलटे केले. मागची बाजू कोरी.

मग वही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तीन सरळ स्तंभ, आणि कडेला बाबांची बारीक पेन्सिल. 'वारा वायव्येचा.' 'पाणी पिताना दात दुखले.' 'पान २ व ४ चिटणिसांकडे मागितले. म्हणाले, त्यात विशेष काही नाही.' दहा दिवसांनी: 'पुन्हा मागितले.' त्यानंतर त्यांनी मागितल्याचं लिहिलेलं नव्हतं. बाबा दोनदा विचारत. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंचं दार उघडं होतं. त्यांचं घर बाबांच्या बरोबर खाली. काकू बोटं कापलेले हातमोजे घालून मशीनवर बसल्या होत्या.

"कुठे निघालीस सकाळी सकाळी? चहा घेऊन जा."

"अनुदानाच्या कार्यालयात."

"जा बाई, जा. आणि काम करूनच ये." काकूंनी मशीन थांबवलं. "सुईत दोरा ओवायला मला दहा मिनिटं लागतात आता. डोळे चांगले आहेत गं, बोटंच ऐकत नाहीत. चिटणीस म्हणतात, यंदा फिसकटलं तर पुढच्या वर्षी वही माझ्याकडे. तुमच्या खालोखाल थंड घर माझं ना! मी म्हटलं, बरं आहे, बक्षीसच लागलं." त्या हसल्या, पण हसू लगेच खोकल्यात गेलं.

कार्यालय गरम होतं. इतकं गरम, की बाबूलोक बाह्या दुमडून बसले होते आणि दोन खिडक्या सताड उघड्या होत्या. भिंतीवर, घराबाहेर पळणाऱ्या उबेचं लाल रंगातलं चित्र लावलं होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, या तयारीने ती गेली होती. पण टेबलामागच्या बाईंनी लगेच समोर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मग वही बाद होत नाही," त्या म्हणाल्या. "मोजणी करणारी व्यक्ती वारली तर राहिलेले दिवस माफ असतात. मृत्यूचा दाखला आणि हा फॉर्म. पान चारवर आहे सगळं." त्यांनी नियमांची छापील प्रत पुढे सरकवली. दोन्ही बाजूंनी छापलेली.

पान चारवर सहा कलमं होती. पाचव्यात मृत्यूचं होतं. तिसऱ्यात लिहिलं होतं: मोजणी करणारी व्यक्ती आजारी असल्यास, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तीस दिवसांपर्यंत अन्यत्र राहण्यास हरकत नाही. त्या काळात शेजाऱ्याने नोंदी घेतल्या तरी ग्राह्य.

मुद्रितशोधकाची सवय, तिने ते एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. चूक कुठेच नव्हती.

"तुम्हांला बरं वाटत नाहीये का?" बाईंनी विचारलं.

"हे पान आमच्याकडे आलंच नव्हतं."

बाई पुढे झुकल्या. मग फॉर्म स्वतःकडे वळवून एका रकान्यावर त्यांनी पेन टेकवलं. 'आजारपणाची सूट घेतली होती काय? नसल्यास कारण.' "हे भरावंच लागतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही आत्ता म्हणालात ते इथे लिहिलंत, तर चौकशी लागेल. लागायलाच हवी, मी नाही म्हणत नाही. पण फाइल यंदाच्या यादीतून निघेल. पुढच्या वर्षी नवी वही, पुन्हा बारा महिने, त्याखालोखालच्या थंड घरात."

"आणि दुसरं काही लिहिलं तर?"

"बहुतेक लोक 'गरज वाटली नाही' असं लिहितात."

चिटणीसकाका संध्याकाळी आले ते हात चोळत. तिने पान चार त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. तिसऱ्या कलमाशी थांबले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. मग पलंगाच्या कडेवर बसले.

"झेरॉक्स काढताना मागची बाजू पुढे उमटत होती," ते म्हणाले. "काळं काळं यायचं सगळं. दुकानदार म्हणाला, एकाच बाजूची काढू का? मी म्हटलं, काढ. चोवीस घरांना वाटायच्या होत्या."

"बाबांनी दोनदा मागितलं."

"मागितलं खरं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला किरकिर करायची सवय असते."

"तुम्ही वाचलं होतं हे पान?"

वारा आला, कॅलेंडर फडफडलं, आणि त्यांनी नकळत कोटाची कॉलर वर केली.

"पोरी," ते म्हणाले, "खाली कुणाला सांगू नकोस. माझं तोंड बघणार नाहीत लोक. मीटरवाले असते तर त्यांनी पांघरूण घातलं असतं."

"त्यांच्याकडे पांघरुणं कमीच पडली, काका."

ते रडायला लागले. खरंच रडत होते. तिला त्यांची कीव आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की या एका रकान्यात खरं लिहिलं तर हा माणूस सहा महिने मान खाली घालून जिना उतरेल. पण पुढचा हिवाळा तो नाही, तिसऱ्या मजल्यावरची बाई फटीसमोर बसून काढील. खोकत, बोटं कापलेले हातमोजे घालून, तीन वेळा आकडे लिहीत. खरं बोलायची किंमत कोण मोजणार, हे फॉर्मवर विचारलेलं नव्हतं.

आणि तिच्या स्वतःच्या तीन आठवड्यांना तर रकानाच नव्हता. बाबांनी दोन पानं कमी आहेत असं तिला एकदा जरी सांगितलं असतं, किंवा तिने एकदा जरी म्हटलं असतं, दाखवा बघू मला ते नियम. पानांचे आकडे मोजणं हाच तिचा धंदा होता.

तिने पेन घेतलं. बाबांचं वय, घराचा क्रमांक, दाखल्याचा क्रमांक लिहिला. त्या रकान्याशी आल्यावर थोडा वेळ हात थांबला. मग तिने स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं: गरज वाटली नाही. खाली सही केली, नातं 'मुलगी' असं लिहिलं आणि कागद चिटणीसकाकांकडे दिला.

त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि तो रकाना दोनदा वाचला. त्यांचे खांदे खाली आले. हळूहळू चेहऱ्यावर रंग चढला, जणू घरात कुणी शेगडी आणून ठेवली.

"हे मात्र खरं हो," ते म्हणाले. "गरज वाटली असती तर बोलले असते की ते. स्पष्ट माणूस होता. आपण म्हटलं तरी गेले नसते."

ती बोलायला गेली. पण फॉर्मची घडी करून काकांनी तो आतल्या खिशात ठेवला होता, आणि वरून दोनदा थोपटून, नीट बसला ना, ते पाहत होते.